आमच्या बांधाचा हुनज्युन

वडखळच्या नाक्यावर रोह्याची एसटी येईपर्यंत माझ्याजवळ फक्त आई उभी होती. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गावातला कुणी नोकरीला बाहेरगावी निघाला की निम्मी आळी नाक्यापर्यंत यायची, कुणी ट्रंक उचलायचं, कुणी नारळ हातात द्यायचं. माझ्या वेळी कुणी आलं नाही. मीच ट्रंक डोक्यावर घेतली होती आणि आई पिशवी घेऊन मागून चालत होती. पिशवीत सुके बोंबील आणि दोन चादरी होत्या. तांदूळ नव्हते, कारण त्या वर्षी गावात भात झालंच नव्हतं. नाक्याला येताना वाटेच्या दोन्ही बाजूंना शेतं पांढुरकी पडलेली दिसत होती. खाडीचं पाणी आत येऊन वाळलं की मातीवर मिठाचा असा पापुद्रा धरतो.

एसटी आली. कंडक्टरने ट्रंक टपावर टाकायला सांगितली. मी पाया पडायला वाकलो तेव्हा आई हळूच म्हणाली, "तिकरं कुनाला सांगू नको हां, तू अध्यक्ष व्हतास म्हनून."

रोह्याला पोहोचेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. काय पाहिलं ते आठवत नाही. आईचं वाक्य मात्र आजही तिच्याच आवाजात ऐकू येतं.

हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहितो आहे. जे गावात राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे रोह्याला, पेणला, मुंबईला, आखातात गेले त्यांच्यासाठीही. गावाचं नाव घालत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि इतरांना सांगायचा माझा अधिकार उरला आहे असं वाटत नाही. पण तुमची मुलं हे वाचतील, म्हणून थोडं पहिल्यापासून सांगतो.

आपलं गाव खारेपाटातलं, धरमतरच्या खाडीला लागून. शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध. त्या बांधाला जागोजागी उघाड्या, म्हणजे लाकडी झडपा असलेली दारं. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जायचं, भरतीला झडप आपोआप बंद व्हायची. बांध शाबूत, तर गाव शाबूत. एकदा खारं पाणी आत आलं की तीन वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून उन्हाळ्यात घरटी एक माणूस बांधावर चिखल घालायला जायचा, आणि पावसाळ्यात मोठ्या उधाणाच्या दिवसांत पाळीपाळीने बांधावर फिरायचं असायचं. ही सगळी व्यवस्था माझे वडील, नाना, पाहायचे. वीस वर्षं पाहिली. ते कधी खुर्चीवर बसून बोलले नाहीत. पायात चप्पल न घालता बांधावरून चालायचे आणि म्हणायचे, "बांद पायानं ऐकाचा असतो."

मी पेणला कॉलेज केलं, बी.एस्सी. झालो. गावातला पहिला. पुढे काही वर्षांनी नानांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. देवळापुढे गाव जमलं आणि बांधाची समिती माझ्या हाती दिली. मी सव्वीस वर्षांचा होतो. कुणीतरी म्हणालं, "वाघाचा पोर हाय, शिकलेला हाय." मला ते खरं वाटलं.

पहिली गोष्ट मी केली ती ही, की समितीला ऑफिस केलं. देवळामागच्या खोलीला रंग दिला, पेणहून फिरती खुर्ची आणली, दारावर पाटी लावली. पाटीवर माझं नाव आणि खाली 'अध्यक्ष'. माझा कॉलेजचा मित्र सुरेश तेव्हा दिवसभर त्या ऑफिसात असायचा. मी काही बोललो की सुरेश म्हणायचा, "हे गावाला कुणी आजपर्यंत सांगितलंच नव्हतं." मी बांधाबद्दल बोललो तरी हेच म्हणायचा आणि क्रिकेटबद्दल बोललो तरी. मला त्याची सवय लागली. सकाळी तो यायला उशीर झाला तर मी बेचैन व्हायचो.

दुसऱ्या उन्हाळ्यात घरटी माणूस जमा झाला तेव्हा मी त्यांना बांधावर नेलं नाही. गावकुसाबाहेरची जागा सपाट करायला लावली. तिथे क्रिकेटचं मैदान झालं आणि माझ्या नावाने टुर्नामेंट झाली. लाउडस्पीकरवर दिवसभर माझं नाव घेत होते. बांधावर चिखल घालायचा राहिला. मी म्हणालो, एक वर्ष नाही घातला तर काय होतं? सुरेश म्हणाला, "काय होणार?"

उघाडीचं काम तेव्हा गोमाकाकांकडे होतं. साठीच्या आसपासचा, काळाभोर, बुटका माणूस. लिहिता-वाचता येत नव्हतं. झडपेचं लाकूड कधी बदलायचं, चिखल कुठून आणायचा, कोणत्या अमावास्येला पाणी किती चढेल, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. नानांचे ते जिवलग. नाना आजारी पडल्यावर रोज संध्याकाळी येऊन ते नानांचे पाय चोळायचे आणि दिवसभरात बांधावर काय पाहिलं ते सांगायचे. नानांना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

मृगाच्या आधी समितीची बैठक होती. गोमाकाका हातात चिखलाचा एक गोळा घेऊन आले. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. गोळ्याला आरपार भोक होतं.

"तिसऱ्या वलनावं खेकड्यांनी पोखरलाय," ते म्हणाले. "आतल्या अंगानं पानी झिरपतंय. आज मानसं लावली तं पंधरा दिवसात भरून येल. औंदा नाय केला तं ऱ्हानार नाय."

टेबलावर टुर्नामेंटची ढाल होती आणि तिच्या शेजारी तो चिखल पडला. ऑफिसात पंधरावीस माणसं होती. मला तो चिखल टेबलावर ठेवल्याचा राग आला, आणि त्याहून अधिक राग सगळ्यांपुढे मला काय करायचं ते सांगितल्याचा आला. मी हसत म्हणालो, "काका, बांधाला घाम आलाय. इतकी वर्षं उभा आहे, दमला असेल. त्याला वारा घाला."

सगळे हसले. सुरेश सगळ्यात मोठ्याने हसला. मी तेवढ्यावर थांबलो नाही. लोक हसताहेत म्हटल्यावर मला जोर आला. म्हणालो, "आणि तुम्हीही दमलात. उद्यापासून उघाडी सुरेशचा चुलतभाऊ पाहील."

गोमाकाकांनी तो गोळा उचलला, टेबलावर सांडलेली माती तळहाताने पुसून घेतली आणि म्हणाले, "खुर्चीवं बस बाबा. पन बांदावं पन चाल जरा." आणि गेले.

मी चाललो नाही. जून गेला, जुलै गेला, पाळ्याही मी बंद केल्या होत्या. शिकलेल्या माणसाने रात्रंदिवस बांधावर काय फिरायचं, असं माझं मत होतं.

श्रावणातल्या पौर्णिमेचं उधाण होतं. आपल्याकडे मोठ्या उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमाराला चढते. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. आणि मी पेणला होतो. एका मंडळाने तालुक्यातल्या तरुण कार्यकर्त्यांचे सत्कार ठेवले होते. बारा वाजता, म्हणजे नेमकं पाणी चढत असताना, माझ्या खांद्यावर शाल घातली गेली. मी भाषणही केलं. कशावर, तर गावाच्या विकासात तरुणांचा वाटा.

दीड वाजता गावात शिरलो तर गाव रिकामं. सगळी माणसं बांधाकडे होती. तिसऱ्या वळणावर वीस-पंचवीस हात रुंदीचं खिंडार पडलं होतं आणि त्यातून खाडी आत येत होती. लावणी होऊन महिना झालेली हिरवी शेतं पाण्याखाली होती. फक्त टोकं दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली. खिंडाराच्या तोंडाशी माणसांनी साखळी धरली होती, बाया डोक्यावरून मातीची पोती आणत होत्या. सगळ्यांच्या पुढे, छातीभर पाण्यात, गोमाकाका होते. पोतं लावायचे, ते वाहून जायचं, पुन्हा हात मागे करायचे. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता.

मी काठावर उभा राहिलो. शाल अजून खांद्यावर होती, ती भिजून जड झाली होती. मला पाण्यात उतरायला कुणी सांगितलं नाही. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. मी उतरलोही नाही.

इथपर्यंतची गोष्ट गावाला माहीत आहे. पुढची मी सांगायला हवी.

दोन दिवसांनी पंचनामा करायला एक साहेब आले. देवळापुढे टेबल मांडलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आधी कुणी बांध खराब झाल्याचं सांगितलं होतं का?" साधा प्रश्न होता. मी 'हो' म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती, अध्यक्षपद गेलं असतं आणि मी आज तुम्हाला तोंड दाखवू शकलो असतो. मी म्हणालो, "नाही."

साहेबांनी विचारलं, मग एवढा बांध फुटला कसा? तेव्हा शेजारून सुरेश म्हणाला, "उघाडीची फळी काढलेली होती साहेब. जुन्या माणसाला कामावरून काढलं होतं, त्याने रागाने केलं." उघाडी त्या वळणापासून जवळच होती आणि पाण्याच्या जोराने तिची झडपही निघून गेली होती. त्यामुळे ते लिहायला सोपं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी लिहिलं आणि मी खाली इंग्रजीत सही केली.

पंचनामा सगळ्यांपुढे वाचून दाखवला. गोमाकाका मागे जोत्यावर बसले होते, अंगावरचा चिखलही अजून गेला नव्हता. त्यांचं नाव वाचलं गेलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. ते उठले, मला वाटलं आता अंगावर येतील. त्यांनी फक्त विचारलं, "वाचून झाला?" साहेब म्हणाले, हो. "मंग जातू मी," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते नानांचे पाय चोळायला आले नाहीत. नाना दाराकडे पाहत होते. आईने त्यांना काय झालं ते सांगितलं. नानांचं तोंड वाकडं झालेलं, दीड वर्ष त्यातून धड शब्द निघाला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि खूप खटपट करून दोन शब्द काढले, "गोमा... नाय." पुन्हा तेच. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ते गेले तोवर माझ्याकडे वळले नाहीत.

आठवड्याने गोमाकाका आणि काकू तीन बोचकी घेऊन गडबला त्यांच्या मुलीकडे, यमुनाकडे, गेले. ज्या वाटेने ते गेले त्याच वाटेने तीन महिन्यांनी मी वडखळच्या नाक्यावर आलो.

रोह्यात धाटावला एका केमिकल कंपनीत मला लॅबमध्ये काम मिळालं. शिफ्ट असायची. अंगाला, जेवणाला, उशीला एकच वास यायचा. कुंडलिका नदीजवळ खोली होती. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आई आमच्याकडे आली आणि आमच्याकडेच गेली. कंपनीत मला साहेब होण्याची संधी दोनदा आली आणि मी दोन्हीदा नाही म्हणालो. बायकोला वाटायचं मी भित्रा आहे. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. आईने सांगू नको म्हटलं होतं ना, ते मी फार सोयीने पाळलं.

पन्नाशीच्या आधी कंपनीने मला चीनमध्ये पाठवलं. रंगाला लागणारा कच्चा माल आम्ही शाओशिंग नावाच्या शहराच्या बाजूने आणायचो. जहाजात चढण्याआधी माल तपासायला कुणीतरी तिथे हवं होतं. मी गेलो आणि सहा वर्षं राहिलो. पाण्यातलं शहर, जागोजाग कालवे, आणि थोड्या अंतरावर समुद्राची मोठी खाडी. तिचं उधाण भिंतीसारखं उभं राहून नदीत शिरतं. लोक ते बघायला गर्दी करतात. मला एकदा नेलं होतं. मी दगडी बांधावर उभा राहिलो आणि पाच मिनिटांत परत गाडीत जाऊन बसलो.

तिथल्या लॅबमध्ये माझ्याबरोबर एक म्हातारा तंत्रज्ञ होता. सगळे त्याला लाओ छन म्हणायचे. 'लाओ' म्हणजे वयाने मोठा, आपण अण्णा म्हणतो तसं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं चिनी त्याहून मोडकं, पण आमचं जमायचं. दुपारी कॅन्टीनमध्ये टीव्हीवर राजेरजवाड्यांची मालिका लागायची. एक दिवस पडद्यावर एक जाड राजा आरामात बसून काहीतरी खात होता आणि एक दाढीवाला प्रधान गुडघे टेकून त्याला काही सांगत होता. राजाने हात उडवला, शिपायांनी प्रधानाला ओढत नेलं. कॅन्टीनमधले सगळे एकदम ओरडले, "हुनज्युन!"

मी लाओ छनला विचारलं, म्हणजे काय?

त्याने चहात बोट बुडवून टेबलावर अक्षर काढलं. म्हणाला, "हे 'हुन'. खालचा चौकोन बघ, मध्ये रेघ आहे तो. तो सूर्य. सूर्य खाली गेला. म्हणजे तिन्हीसांज. सगळं दिसतंय असं वाटतं आणि नीट काहीच दिसत नाही, ती वेळ. माणूस बेशुद्ध पडला तरी आम्ही हेच अक्षर वापरतो. आणि 'ज्युन' म्हणजे राजा."

"म्हणजे वाईट राजा?" मी विचारलं.

"नाही, नाही." तो जोरात मान हलवू लागला. "जो छळतो, मारतो, त्याला वेगळा शब्द आहे. त्याला बाओज्युन म्हणतात. आपण काय करतोय ते त्याला कळत असतं. हुनज्युनला कळत नाही. तो कधी कधी चांगलाही असतो, हौशी असतो, गाणं आवडतं, फुलं आवडतात. फक्त गोड बोलणारा जवळ ठेवतो आणि खरं सांगणाऱ्याला हाकलतो." मग तो हसला आणि आवाज खाली आणून आमच्या खरेदी मॅनेजरचं नाव घेतलं. म्हणजे ऑफिसातही हा शब्द चालायचा. कुणी साहेब चमच्यांचं ऐकून चांगल्या माणसाची बदली करायचा, की जेवताना हळूच 'हुनज्युन'. बायकोच्या लाडापुढे दुकान बुडवणाऱ्या नवऱ्यालाही थट्टेने हेच म्हणायचे.

मी विचारलं, "तोंडावर म्हणतात?"

"तोंडावर जो म्हणतो," लाओ छन म्हणाला, "त्याचं ते शेवटचं बोलणं असतं. बहुतेक वेळा राजा मेल्यावर, राज्य बुडाल्यावर लिहिणारे लिहितात."

टेबलावरचं अक्षर वाळत चाललं होतं. इतकी वर्षं मी स्वतःसाठी शब्द शोधत होतो. नालायक म्हणून पाहिलं होतं, पण तो शब्द आपण कुणालाही वापरतो. नाकर्ता म्हणावं, तर मी खूप काही केलं होतं: ऑफिस, मैदान, टुर्नामेंट. दुष्ट म्हणावं, तर मला स्वतःचा लळा होता, मी मनाशी म्हणायचो, माझ्या मनात गावाचं वाईट नव्हतं. आणि या परक्या मुलखातल्या कॅन्टीनमध्ये, भाताच्या वाडग्यासमोर, कुणीतरी मला हाक मारल्यासारखा तो शब्द आला. आपल्याकडचा असता तर कदाचित एवढा लागला नसता.

मी लाओ छनला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. मोडक्या चिनीत, हाताने बांध काढून दाखवत. शेवटी म्हणालो, सुरेशने ते फळीचं सांगितलं नसतं तर मी सही केली नसती.

लाओ छनने काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. मग म्हणाला, "मालिकेतही दोष त्या गोड बोलणाऱ्यालाच देतात. पण त्याला जवळ कुणी बसवलं?"

थोड्या वेळाने त्याने आणखी एक सांगितलं. जुन्या काळी पूर आला, दुष्काळ पडला, की काही राजे स्वतःच्या नावाने जाहीरनामा काढायचे, की दोष माझा आहे. गावोगाव तो वाचला जायचा. मी विचारलं, खरंच? तो म्हणाला, "हो. पण लिहून द्यायचे कारकूनच."

त्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा रोह्याहून पेणची एसटी पकडली आणि गडबला उतरलो. हायवेला लागून यमुनाचं छोटं दुकान होतं, पोह्याचे पापड, मिरगुंडं, पाण्याच्या बाटल्या. पन्नाशीला आलेली बाई. तिने मला ओळखलं आणि काही न बोलता आतल्या पडवीकडे हात केला.

गोमाकाका बाजेवर बसले होते. ऐंशी ओलांडली असेल. काकू जाऊन पाच वर्षं झाली होती. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "नानाचा." मी खाली बसलो आणि बोलायला लागलो. पंचनाम्याचं, सहीचं, साहेबांनी काय विचारलं आणि मी काय म्हणालो ते सगळं. मी रडत होतो. मला वाटत होतं ते आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील, किंवा थोबाडीत मारतील. दोन्हीची माझी तयारी होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मना कशाला सांगतंस? मी काय काढलं नाय काढलं, मना ठाव हाय. जिथं त्यो कागद वाचला तिथं जाऊन सांग."

पुढच्या रविवारी मी गावात आलो. वीस-बावीस वर्षांनी. तुमच्यातले बरेच जण तिथे होते. निम्म्या शेतांत कांदळवन माजलं होतं. बांध नवा झाला होता, पण तिसऱ्या वळणापाशी आत वळवून घेतला होता, आणि त्याच्या बाहेर राहिलेली जमीन कायमची खाडीत गेली होती. गोमाकाकांचं शेत त्यात होतं. देवळापुढे मी उभा राहिलो आणि सगळं वाचून दाखवलं. मी स्वतः लिहून नेलं होतं.

कंपनीत जाणारी मुलं मोबाइल हातात घेऊन ऐकत होती. त्यातल्या एकाने शेजारच्याला विचारलं, "कोन गोमा?" ज्या माणसाने हा गाव चाळीस वर्षं कोरडा ठेवला, त्याचं नाव मी इतकं पुसून टाकलं होतं.

मग बायांमधून पार्वतीवहिनी बोलल्या. गोमाकाकांच्या शेजारच्या घरातल्या. म्हणाल्या, "आमाला ठावच व्हता रं. सगल्या गावाला ठाव व्हता. गोमा कदी फली काढंल? पन तू अध्यक्ष. पंचनाम्यावं तुजी सही. तुज्यासंगं कोन भांडंल?"

कुणी नाही म्हणालं नाही. बऱ्याच माना खाली गेल्या.

मी समजत होतो की मी गावाला फसवलं. फसलं कुणीच नव्हतं. माझ्या खुर्चीपुढे सगळे गप्प बसले होते आणि एक माणूस तीन बोचकी घेऊन चालत निघून गेला होता. तुम्हाला मी दोष देत नाही. तुम्हाला गप्प बसायची सवय मीच लावली, त्या दिवशी ऑफिसात, हसवून. पण त्या रविवारी परत येताना माझी लाज कमी झाली नव्हती, वाढली होती, हे खरं सांगतो.

गडबला जाऊन मी गोमाकाकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण कोण होतं? मी नावं घेतली. ते काहींना "हाय व्हय अजून?" म्हणाले. मी म्हणालो, गाडी आणतो, एकदा गावाला चला. तुम्हाला सगळे बोलावताहेत.

"कशाला?" ते म्हणाले. "शेत खाडीत. म्हातारी इकरंच गेली. माजा गाव आता ह्यो."

मी आता निवृत्त आहे, रोह्यातच राहतो. तुमच्यातल्या काहींनी मला सांगितलं, झालं गेलं, जुनं घर नीट करून घे, गावात ये. तुम्ही मनाने म्हणता ते मला कळतं. पण ज्याला मी घालवलं तो परत येत नाही, तोवर मी तिथे ओटीवर बसून चहा पिऊ शकत नाही. लांब गेलेल्या माणसाला घर कुठे असं विचारलं की तो लगेच उत्तर देतो. मला तसं देता येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा मी एसटीने गडबला जातो आणि दुकानापुढच्या बाकावर गोमाकाकांच्या शेजारी बसतो. फार बोलणं होत नाही. ते हायवेवरच्या गाड्या बघतात. कधी कंपन्यांविषयी विचारतात, कधी चीनमधल्या बांधांविषयी, दगडी म्हणजे किती दगडी, आणि मी सांगितलेलं पटलं नाही तर "उगाच बोलू नको" म्हणतात.

गेल्या खेपेला मुंबईकडून आलेलं एक कुटुंब पापड घ्यायला थांबलं होतं. त्यातला गृहस्थ गप्पिष्ट होता. माझ्याकडे बघून त्याने गोमाकाकांना विचारलं, "हे तुमचे चिरंजीव का?"

"नाय," गोमाकाका म्हणाले. "आमच्या गावचा हाय. आमचा बांद ह्यानंच बुडवला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. 'ह्याचं नाक बापासारखं आहे' म्हणावं तसं ते म्हणाले. गृहस्थ कसंनुसं हसून माझ्याकडे बघायला लागला.

"व्हय," मी म्हणालो. "मीच."